गणेश चतुर्थी : सुट्टीचा दिवस आणि सणाचा दिवस

भाद्रपद महिना जवळ आला की आपल्या मराठी घरांतून एकच प्रश्न ऐकू येतो : या वर्षी सुट्टी कोणत्या तारखेला? कॅलेंडर पाहिले जाते, रजेचा अर्ज द्यावा लागेल की नाही याचा हिशेब होतो, आणि मग पुढची तयारी ठरते. हा प्रश्न साहजिक आहे. मॉरिशससारख्या अनेक धर्मांच्या आणि अनेक भाषांच्या देशात गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असावी, ही आपल्या लहानशा समाजाला मिळालेली मोठ्या मानाची गोष्ट आहे.

पण या सुट्टीकडे जरा नीट पाहावे, अशी आमची वाचकांस विनंती आहे. 2024 साली चतुर्थी 7 सप्टेंबरला होती आणि सुट्टी 8 सप्टेंबरला. 2025 साली चतुर्थी 27 ऑगस्टला होती आणि सुट्टी 28 ऑगस्टला. म्हणजे आपला देश सुट्टी पाळतो ती गणपती घरी येतो त्या दिवशी नव्हे, तर गणपती परत जातो त्या दिवशी. कोकणातल्या आपल्या पूर्वजांनी बरोबर आणलेल्या दीड दिवसाच्या रीतीला हे धरूनच आहे. चतुर्थीला स्थापना, पंचमीला विसर्जन. विसर्जनालाच लोक रस्त्यावर येतात, ढोलकी आणि झांजा वाजतात, नदीवर आणि समुद्रावर गर्दी होते. म्हणून सुट्टीही त्याच दिवसाची.

यात तक्रार करण्यासारखे काही नाही. मात्र याचा एक परिणाम हळूहळू झाला आहे. जो दिवस सर्वांना दिसतो तोच सण, असे आपल्यालाही वाटू लागले आहे. आदल्या दिवशी घरात जे होते ते कामाच्या दिवसात, घाईघाईने, कसेबसे उरकले जाते. 2025 साली चतुर्थी बुधवारी आली होती. किती घरांत त्या सकाळी आई-वडील, मुले, आजी-आजोबा सगळे मिळून गणपतीपुढे बसले असतील? आणि किती घरांत पूजा पहाटे आटोपून किंवा संध्याकाळवर ढकलून सगळे कामाला पांगले असतील? ज्याने त्याने आपल्या घरापुरते उत्तर द्यावे. आमचे म्हणणे एवढेच आहे की गणेश चतुर्थीचा खरा सण हा त्या पहिल्या दिवसाचा आहे, तो घराचा सण आहे, आणि आज जपण्याची गरज आहे ती त्याच दिवसाला.

आपल्या इतिहासाकडे पाहिले तर हे अधिक स्पष्ट होते. 1834 नंतरच्या काळात भारतातून करारबद्ध मजूर या बेटावर येऊ लागले. त्यांतले आपले पूर्वज रत्नागिरी, सावंतवाडी आणि त्या बाजूच्या मुलखातून मुंबई बंदरात आले आणि तेथून जहाजात चढले. पोर्ट लुईच्या ज्या घाटावर मजूर उतरत, तो आप्रवासी घाट 2006 साली जागतिक वारशाच्या यादीत गेला. तेथे उतरलेल्यांच्या गाठोड्यात देवाची मोठी मूर्ती नव्हती, पोथ्यांचे कपाट नव्हते, बरोबर पुरोहित नव्हता. जे होते ते डोक्यात आणि हातात होते. कोणत्या दिवशी काय करायचे, नैवेद्याला काय शिजवायचे, कोणती आरती कोणत्या चालीत म्हणायची, एवढेच त्यांचे भांडवल.

आणि ते टिकवणे स्वस्त नव्हते. त्या काळी मळ्यावरच्या मजुराने परवानगीवाचून एक दिवस काम चुकवले तर त्याची दोन दिवसांची मजुरी कापली जात असे. लोक त्याला ‘दुहेरी कापणी’ म्हणत. आपल्याकडे भाद्रपद महिना येतो तो ऐन ऊसतोडणीच्या हंगामात, म्हणजे मालकाला माणसांची सर्वांत जास्त गरज असते तेव्हा. अशा वेळी चतुर्थी पाळायची म्हणजे काय, याचा विचार आज सुट्टीची तारीख शोधणाऱ्या आपण सर्वांनी एकदा करावा. आपल्याला जो दिवस मोफत मिळतो, त्याची किंमत आपल्या पणजोबांना दुप्पट मोजावी लागण्याचा धोका होता. तरीही त्यांनी सण सोडला नाही.

मॉरिशसमधल्या गणेश चतुर्थीच्या परंपरेचा आरंभ 1896 सालच्या आँरिएता गावातल्या एका मराठी कुटुंबाच्या पूजेपासून मानला जातो. हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच्या तीन वर्षे आधी, 1893 मध्ये, पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाची चळवळ सुरू झाली आणि लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिले. तेथे गणपती घरातून चौकात आला, लोकांना एकत्र आणण्यासाठी, राज्यकर्त्यांना आपली एकजूट दाखवण्यासाठी. इकडे, हजारो मैलांवर, आपल्या माणसांनी त्याच काळात गणपती घरात बसवला. त्यांच्यापुढे प्रश्न चौकाचा नव्हता. परक्या बेटावर आपले घर हे आपले घर कसे राहील, हा त्यांचा प्रश्न होता. महाराष्ट्रातला गणेशोत्सव आणि आपला गणेशोत्सव यांत हा फरक पहिल्यापासून आहे. आपल्यापैकी पुष्कळ जण आता मोबाईलवर मुंबईच्या मोठमोठ्या मंडपांची चित्रे पाहतात आणि आपला उत्सव त्यापुढे लहान वाटून हळहळतात. त्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा. आपला उत्सव लहान आहे कारण तो घरात मावावा असाच तो सुरू झाला. ती त्याची उणीव नव्हे.

आता या घरच्या सणात काय काय होते ते पाहू. सणाच्या आधीचे काही दिवस घरात ‘करेम’ पाळला जातो. हा शब्द ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या उपवासाचा, पण आपल्या सर्वांच्या तोंडी बसला आहे. मांस-मासे बंद, भांडी वेगळी घासून घेतलेली, घर झाडूनपुसून स्वच्छ. मग मूर्तीची व्यवस्था. काही घरांत आजही माती आणून मूर्ती घडवतात, काही जण मूर्तिकाराकडून आणतात. चतुर्थीच्या आदल्या दिवशी फुले, केळीची पाने, आंब्याचे टाळे, दूर्वा. दुसऱ्या दिवशी पहाटे नारळ खवणे, मोदकाचे सारण, खीर, पुरी, आणि केळीच्या पानावर वाढायच्या भाज्या. संध्याकाळी आरती, आणि त्यानंतर भजन किंवा झाकरी.

या प्रत्येक कामाला पूर्वी घरातला कोणी ना कोणी धनी असे. दूर्वा आणण्याचे काम लहान मुलांचे. एकवीस दूर्वांची जुडी बांधताना मूल एकवीसपर्यंत मराठीत मोजायला शिकत असे. नारळ फोडायचे काम काकांचे. मोदकाच्या पाऱ्या करणे आजीचे आणि सुनांचे. मोदक उकडीचे असोत की तळलेले, त्याच्या कळ्या कशा पाडायच्या हे शिकवायला पुस्तक लागत नसे, शेजारी बसावे लागत असे. धाकट्या भावाने केळीची पाने तोडावीत, थोरल्याने पूजेला बसावे, आतेने आरतीचे तबक सजवावे. म्हणजे सण हा घरातल्या माणसांना कामे वाटून देत होता, आणि कामाबरोबर शब्द, नाते आणि मान वाटून देत होता. लहान मुलालाही वाटे की आपण दूर्वा आणल्या नाहीत तर पूजा अडेल. आम्हांला वाटते, घरच्या गणपतीचे सगळे सामर्थ्य या एका गोष्टीत आहे. आपल्यावाचून अडते असे वाटले की माणूस त्या गोष्टीशी जन्मभर बांधला जातो.

आज काय दिसते? आई बँकेत, हॉटेलात किंवा एबेनच्या एखाद्या कचेरीत नोकरी करते. वडील पहाटे निघतात ते गर्दीतून रात्री परततात. एकत्र कुटुंबाचे अंगण गेले. भावांनी जमीन वाटून घेतली आणि प्रत्येकाने आपापले सिमेंटचे घर बांधले. थोरला मुलगा फ्रान्सला, मुलगी कॅनडाला. अशा वेळी मूर्ती तयार घेतली जाते, फुलांचे हार विकत येतात, पानावरचे सात पदार्थ कोणाकडून तरी करवून घेतले जातात, आरती मोबाईलवर लावली जाते. आम्ही या आयांना आणि वडिलांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. आम्ही स्वतः नोकरदार आहोत, आणि सणाच्या आदल्या रात्री स्वयंपाकघरात उभे राहून पाय कसे भरून येतात हे आम्हांला ठाऊक आहे. ज्या काळाच्या आठवणी आपण गोड करून सांगतो, त्या काळी तो सगळा भार घरातल्या बायकांच्या पाठीवर होता हेही विसरू नये. हार विकत आणला म्हणून देव रागावत नाही. पुऱ्या कोणाकडून लाटून घेतल्या म्हणून धर्म बुडत नाही.

तेव्हा कोणता बदल चालेल आणि कोणता चालणार नाही, हे ओळखण्याची काही कसोटी हवी. आम्ही एक साधी कसोटी सुचवतो. या बदलामुळे घरातल्या मुलाच्या हातातले काम गेले का? नसेल गेले तर बदल खुशाल करावा. गेले असेल तर त्याच्या जागी दुसरे काम द्यावे. हार विकत आणा, पण दूर्वा मुलांनाच खुडायला पाठवा. आपल्या कितीतरी मुलांना ‘शियांदां’ नावाचे गवत ठाऊक आहे, अंगणाच्या कडेला रोज पायाखाली येते. पण तीच आजीची दूर्वा आहे, हे त्यांना ठाऊक नाही. एवढे एक त्यांना कळले तरी पायाखालचे गवत आणि देव्हारा यांच्यात एक वाट तयार होते. मोदक वीस विकत आणा, पण एक तरी घरी करा, तो मुलाच्या हातून करवा, आणि तो वाकडा झाला तरी तोच आधी नैवेद्याला ठेवा.

यानंतर भाषेचा प्रश्न येतो, आणि शिक्षक म्हणून तो आम्हांला सर्वांत जवळचा आहे. आपल्या बहुतेक घरांत आज दिवसभर क्रिओल बोलली जाते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ती आपल्या सर्वांच्या सुखदुःखाची भाषा आहे. प्राथमिक शाळेत मराठी शिकता येते, पुढे मोका येथील महात्मा गांधी संस्थानात शिकता येते. 1970 साली स्थापन झालेल्या या संस्थानाने मराठीचे कितीतरी शिक्षक घडवले. पण शाळेचा तास संपला की मराठी कोठे जाते? वर्गात ‘गणेश चतुर्थी’ या विषयावर दहा ओळींचा निबंध लिहायला सांगावा. मुले चटाचट लिहितात : गणपती ही विद्येची देवता आहे, त्याचे वाहन उंदीर आहे, त्याला मोदक आवडतात, आम्ही आरती करतो, आम्हांला फार आनंद होतो. सगळी वाक्ये शुद्ध, सगळ्या वह्यांत सारखी. मग विचारावे : तुमच्या घरी पूजेला कोण बसते? मूर्ती कोठे ठेवतात? मागच्या वर्षी काय घडले? वर्ग गप्प होतो. मुलांना मराठीत उत्तर देता येत नाही हे अर्धेच कारण आहे. पुष्कळांना उत्तरच ठाऊक नसते, कारण पूजा चालू असताना ती दुसऱ्या खोलीत असतात.

आरतीचेही तेच. समर्थ रामदासांची म्हणून ओळखली जाणारी गणपतीची आरती आपल्या प्रत्येक मराठी मुलाला पाठ आहे, ही केवढी मोठी गोष्ट आहे! जहाजातून आलेली ती चाल पाच-सहा पिढ्या टिकली. पण आज ती रोमन अक्षरांत छापलेल्या कागदावरून म्हटली जाते, आणि म्हणणाऱ्याला तिच्यातल्या चार शब्दांचाही अर्थ सांगता येत नाही. रोमन अक्षरांना आमचा विरोध नाही. ज्याला देवनागरी येत नाही त्याने मुके राहण्यापेक्षा रोमनवरून म्हणावे हेच बरे. मात्र अर्थ कळल्यावाचून म्हटलेली गोष्ट एक पिढी चालते, फार तर दोन. तिसरी पिढी विचारते, हे आपण का म्हणतो? त्या प्रश्नाला घरात उत्तर देणारे कोणी नसले तर ती पिढी म्हणणे सोडून देते, आणि त्यात तिचा दोष नसतो. चतुर्थीची संध्याकाळ ही आज अनेक घरांत वर्षातली एकमेव वेळ आहे, जेव्हा सगळे कुटुंब एकत्र उभे राहून मोठ्याने मराठी बोलते. वर्षातली ती दहा मिनिटे आपल्याकडे आहेत. त्यांचे काय करायचे हे आपल्या हातात आहे.

झाकरीबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत. रत्नागिरीकडे गणपतीच्या दिवसांत जो जाखडीचा नाच होतो, त्याचेच हे आपले रूप. गोल रिंगण, ढोलकीचा ठेका, पायांतले चाळ, आणि एकाने म्हटलेली ओळ सगळ्यांनी उचलणे. कोकणातून आलेल्या पाहुण्यांना आपली झाकरी ओळखीची वाटते, हा आपल्या मुळाचा जिवंत पुरावा आहे. पण आता ती बहुधा विसर्जनाच्या दिवशी रस्त्यावर किंवा मंडळीच्या कार्यक्रमात व्यासपीठावर दिसते. व्यासपीठावर नाचणारे आठ आणि बघणारे आठशे असतात. घराच्या अंगणात किंवा पडवीत नाचणारे आणि बघणारे असा भेद नसतो. मंडळींनी कार्यक्रम जरूर करावेत, पण आदल्या रात्री दोन-चार घरी जाऊन झाकरी म्हणण्याची जुनी रीतही परत आणावी. ज्या घरात एकच म्हातारी आणि एकच मूर्ती आहे, तेथे आधी जावे.

दुसऱ्या दिवशीच्या विसर्जनाविषयी बोलताना थोडे कठोर व्हावे लागते. गणेश चतुर्थी आता आपल्या एकट्यांची राहिलेली नाही. भोजपुरी, तमिळ, तेलुगू घरांतही गणपती बसतो, आणि शेजारचे क्रिओल व मुसलमान लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून मिरवणूक पाहतात. याचा आम्हांला आनंद आहे. परंतु सण वाढला तशी चढाओढही वाढली. कोणाची मूर्ती उंच, कोणाचा ट्रक सजलेला, कोणाचा आवाज मोठा. चढाओढीचे टोक कोठे जाते हे आपल्या बेटाने 3 मार्च 2024 रोजी पाहिले. महाशिवरात्रीच्या यात्रेत एक कांवर विजेच्या तारेला लागून आग लागली आणि सहा यात्रेकरूंचे प्राण गेले. तो सण दुसरा होता, पण धडा सर्वांना सारखाच आहे. देवाची उंची मीटरने मोजायची नसते.

समुद्राचाही विचार करावा. 25 जुलै 2020 रोजी वाकाशिओ हे जहाज आपल्या आग्नेय किनाऱ्यावरच्या प्रवाळावर आदळले आणि 6 ऑगस्टला त्यातून तेल गळू लागले. सगळ्या जातिधर्मांचे लोक किनाऱ्यावर धावले, उसाच्या पाचोळ्याचे आणि कापडाचे लांब बांध शिवून त्यांनी तेल अडवण्याची धडपड केली. त्यानंतर दोन-अडीच आठवड्यांतच, 22 ऑगस्टला, गणेश चतुर्थी आली. ज्या समाजाने समुद्र वाचवण्यासाठी हात काळे केले, त्याच समाजाने पुन्हा त्याच समुद्रात रासायनिक रंग, प्लॅस्टरचे तुकडे आणि प्लॅस्टिकच्या माळा सोडाव्यात हे आपल्याला शोभत नाही. मातीची मूर्ती मातीत मिळते. प्लॅस्टरची पाण्यात तशीच पडून राहते. आपल्या पूर्वजांच्या मूर्ती साध्या मातीच्या आणि हातभर उंचीच्या होत्या, त्या मूल आणि म्हातारा दोघांनाही उचलता येत. फ्लिक आँ फ्लाकला असो, तामारँला असो की गावच्या नदीवर असो, मूर्तीबरोबर फक्त तेच पाण्यात जावे जे पाणी आपलेसे करून घेईल. हार, पिशव्या, चमकीचा कागद घरी परत आणावा. हे कामही मुलांना द्यावे. शाळेत ती हे शिकतातच, आपल्यापेक्षा ती अधिक काटेकोर असतात.

शेवटी एक प्रश्न, ज्याविषयी घराघरांत कुजबुज होते पण मोकळेपणाने बोलले जात नाही. आजोबा गेले, आता गणपती कोणाकडे? पूर्वी उत्तर सोपे होते : थोरल्या मुलाकडे. आज थोरला मुलगा परदेशी असतो. धाकट्याचे लग्न तमिळ किंवा ख्रिस्ती घरात झालेले असते आणि तो म्हणतो, आमच्याकडे जमणार नाही. मुलीला हौस असते, पण ती परक्या घरची म्हणून तिला कोणी विचारत नाही. असे दोन-तीन वर्षे चालते. एका वर्षी आजारपण येते, एका वर्षी सुतक येते, आणि मग गणपती बसायचा राहून जातो. शंभर वर्षे चाललेली घरची पूजा कोणी ठरवून बंद करत नाही. ती कोणीच न ठरवल्यामुळे बंद पडते. आम्हांला आजची सर्वांत मोठी चिंता हीच वाटते. गर्दी कमी झाली तर पुढच्या वर्षी पुन्हा जमवता येते. एका घरचा गणपती थांबला की तो पुन्हा बसवायला फार मोठे धैर्य लागते.

म्हणून आम्ही म्हणतो, हे ठरवावे, आणि घरातली वडील माणसे हिंडती-फिरती आहेत तोवर ठरवावे. या वर्षी सगळे भाऊ-बहिणी जमतील तेव्हा पानावरून उठण्यापूर्वी हा विषय काढावा. मुलीने गणपती नेला तर काय बिघडते? ज्या आईने चाळीस वर्षे नैवेद्य केला, तिच्या लेकीला पूजेचा अधिकार नाही असे कोणत्या तोंडाने म्हणावे? भावांनी पाळी लावून घेतली तरी चालेल : एक वर्ष वाक्वाला, एक वर्ष बो-बासँला, एक वर्ष कास्काव्हेलला. सून तमिळ असेल तर तिच्या माहेरी हाच देव पिल्लैयार म्हणून पुजला जातो, तिला हे काही परके नाही. सून ख्रिस्ती असेल तर तिच्यावर सक्ती करू नये, पण तिला दारातच उभे करू नये. पाहुणा म्हणून आलेला देव घरच्या माणसाला पाहुणे करायला सांगत नाही. परदेशी असलेल्या मुलाला मोठी मूर्ती मिळणार नाही, जवळ समुद्र नसेल. त्याने सुपारीचा गणपती मांडावा. आपल्या शास्त्रात सुपारीला गणपती मानून पूजा करण्याची रीत पूर्वापार आहे, आणि ज्यांच्याजवळ काहीच नव्हते त्या आपल्या पूर्वजांना ती नक्कीच समजली असती.

वडील माणसांनाही एक नम्र सूचना. मुले चुकतात तेव्हा लगेच ओरडू नये. तबक उलटे फिरवले, आरतीचे कडवे गाळले, सोवळ्यात शिवले, अशा लहान गोष्टींवरून चारचौघांत बोलणे खाल्लेले मूल पुढच्या वर्षी पूजेच्या वेळी आंघोळीला उशीर लावते. आम्ही वर्गात हे रोज पाहतो. चुकीच्या उत्तराला हसले की मूल हात वर करणे सोडते. देव्हाऱ्यापुढे तर मुलाचा हात वर राहिलाच पाहिजे. त्याने विचारावे, गणपतीचा दात का मोडला, दूर्वाच का, पाण्यात का सोडायचा, आणि आपल्याला जेवढे माहीत असेल तेवढे आपण सांगावे. क्रिओलमध्ये सांगावे लागले तर क्रिओलमध्ये सांगावे, आणि त्यातले चार मराठी शब्द त्याच्या पदरात टाकावेत.

आमच्या वाचक कुटुंबांसाठी या वर्षीचे काम थोडक्यात असे. चतुर्थीच्या दिवशी घरातल्या एकाने तरी पूर्ण दिवसाची रजा घ्यावी. विसर्जनाच्या दिवशी तर सगळा देशच सुट्टीवर असतो. घरातल्या प्रत्येक मुलाला एक काम नेमून द्यावे आणि ते त्याच्यावाचून दुसऱ्या कोणी करू नये. आरतीच्या एका कडव्याचा अर्थ आधीच्या आठवड्यात सगळ्यांनी मिळून समजून घ्यावा. दर वर्षी एक घेतले तरी पुष्कळ झाले. घरच्या गणपतीची हकिगत, म्हणजे तो कोणी बसवला, कोणत्या गावात, कोणत्या कॅम्पात, हे आजी-आजोबांना विचारून वहीत लिहून ठेवावे. आणि पुढे गणपती कोणाकडे, हे बोलून ठेवावे. मंडळींनीही आपल्या सभासदांपैकी कोणाच्या घरचा गणपती अलीकडे थांबला आहे याची विचारपूस करावी आणि तेथे हातभार लावावा. मोठ्या मंडपाच्या खर्चातून थोडे काढून ठेवले तरी हे होण्याजोगे आहे.

दीड दिवस हा फार थोडा वेळ आहे. पण आपल्या पूर्वजांनी तेवढ्या वेळात एक घर, एक भाषा आणि एक नाव टिकवून आपल्या हाती दिले. त्यातला एक दिवस आज देशाने आपल्याला सुट्टी म्हणून दिला आहे. उरलेला अर्धा आपण आपल्या घराला द्यावा.

सर्व वाचक बंधुभगिनींस आणि त्यांच्या कुटुंबीयांस गणेश चतुर्थीच्या मनःपूर्वक शुभेच्छा. गणपती बाप्पा मोरया!